गणिताचे अध्यापन आणि पालकांच्या शंका

पालक शाळेत येऊन गुरुजींस जे प्रश्न विचारतात, त्यांत गणिताविषयीचे प्रश्न पुष्कळ असतात. "आमच्या वेळी असे नव्हते" या वाक्याने बहुधा त्यांची सुरुवात होते. हे वाक्य दूषण म्हणून ऐकले तर बोलणे तेथेच खुंटते. शंका म्हणून ऐकले तर घर व शाळा एकमेकांच्या जवळ येतात.

२०१९ साली इयत्ता दुसरीच्या नव्या गणित पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला, तो या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या पुस्तकात एकवीस, बावीस या नावांबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचनही दिले होते. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्याचे समर्थन केले. विधिमंडळातही त्यावर टीका झाली. आपली भाषा बिघडेल, मूल बाजारात हसे करून घेईल, अशी भीती अनेक पालकांस वाटली. ती भीती अस्थानी म्हणता येणार नाही. संख्यांची नावे ही घरादारांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ठेव होय.

तथापि मुलाची अडचणही तितकीच खरी आहे. 'त्रेसष्ट' या शब्दात तीन आधी ऐकू येतात आणि साठ मागाहून. लिहिताना मात्र सहा आधी लिहावयाचे असतात. म्हणून मूल ६३ ऐवजी ३६ लिहिते. ते मठ्ठ नसते. कानाने जसे ऐकले तसे हाताने लिहिते, एवढेच. शिवाय तीनाचे रूप तेवीस, त्रेपन्न, त्र्याहत्तर असे पालटत जाते. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा; एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते, परंतु नव्व्याण्णव येथे ती मोडते. हा केवळ मराठीचा दोष नव्हे. हिंदी, गुजराती व जर्मन या भाषांतही एकक आधी उच्चारला जातो. उलट कानडीत 'इप्पत्तमूरु' म्हणताना वीस आधी व तीन नंतर येतात.

यास्तव शिक्षकांनी दोन्ही नावांची सांगड घालावी. दहा दहा काड्यांचे सहा गठ्ठे व तीन सुट्या काड्या मुलापुढे मांडाव्या. 'साठ आणि तीन' असे म्हणवून ६३ लिहून घ्यावे व लगेच 'त्रेसष्ट' हे नाव वदवून घ्यावे. फोड ही समजण्यासाठी. प्रचलित नाव व्यवहारासाठी. हे पालकांस स्पष्ट शब्दांत सांगितले, तर भाषा जाईल ही शंका उरत नाही.

दुसरी शंका वजाबाकीची. ५२ मधून २७ वजा करताना शाळेत पाच गठ्ठ्यांपैकी एक सोडतात. मग चार गठ्ठे व बारा सुट्या काड्या होतात. त्यांतून दोन गठ्ठे व सात काड्या काढल्या, की २५ उरतात. घरी आजोबा मात्र म्हणतात, "बारातून सात गेले, पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले, दोन." उत्तर तेच येते, पण मूल गोंधळते आणि आजोबांस वाटते, शाळेत चुकीचे शिकवितात. वस्तुतः दोन्ही रीती बरोबर आहेत. आजोबांच्या रीतीत वरच्या संख्येत दहा सुटे आणि खालच्या संख्येत एक दशक मिळविले जाते. दोहोंकडे सारखेच वाढविल्याने अंतर बदलत नाही. शिक्षकाने आजोबांची रीत खोटी ठरवू नये. मुलाची एक रीत पक्की होईपर्यंत घरीही तीच चालू ठेवावी, एवढीच विनंती करावी.

तिसरी शंका पाढ्यांची. काड्या व चिंचोके मांडण्यात वेळ गेला, तर पाठांतर केव्हा होणार? उत्तर असे की, दोन्ही हवे. सहाचा पाढा म्हणजे सहा सहा चिंचोक्यांच्या रांगा, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर पाठांतर टिकते; आणि पाढा मुखोद्गत असला, की भागाकाराचे ओझे वाटत नाही. रात्री जेवणानंतर पाढे म्हणवून घेणे हे काम निरक्षर मातापितरांसही करता येते.

पालकसभेत या गोष्टी केवळ सांगू नयेत, करून दाखवाव्या. काड्यांचे गठ्ठे पालकांच्याच हाती द्यावे व वजाबाकी त्यांच्याकडूनच करून घ्यावी. ज्या घरात शाळेच्या रीतीविषयी अविश्वास असतो, तेथील मूल दोन अधिकारवाणींच्या कात्रीत सापडते आणि अखेर गणितासच भिऊ लागते. ही भीती बसू न देणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय. आणि त्या कामी पालकाइतका जवळचा साहाय्यक त्यास दुसरा नाही.