गल्ला सरकला, गेम बदलला

आमच्या तळ्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या तळा गावात, आज गेम म्हणजे मोबाइल. प्लेस्टेशन असलेलं घर शोधावं लागेल. पण तळगडाच्या पायथ्यापासून बाजारपेठेपर्यंत कुठल्याही कट्ट्यावर चार पोरं फोन आडवे धरून बसलेली दिसतील. त्यांचा गेम फुकट असतो. शाळेत असल्यापासून गेम खेळत आलेल्या माझ्यासारख्याला त्या फुकटाचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

जुना खेळाडू म्हटला की तो आजच्या ग्राफिक्सच्या नावानं बोटं मोडणार, असं लोक धरूनच चालतात. मी मोडत नाही. आजचं चित्रण, संगीत, गोष्ट सांगायची हातोटी आमच्या लहानपणी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. माझी तक्रार गल्ल्याची आहे. गेममध्ये पैसे कुठल्या दारातून येतात यावर त्या गेमची सगळी ठेवण ठरते, आणि हे अगदी पहिल्यापासून चालत आलंय.

मे महिन्यात मुंबईला मामाकडे गेलं की पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ खेळायचा. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा. त्यातल्या चार नायकांपैकी एक मुस्तफा कैरो. बाकी तिघांना कुणी विचारत नसे, म्हणून अख्खा गेमच त्याच्या नावानं ओळखला जायचा. हा धंदा नाण्यावर चालायचा. म्हणून गेम मुद्दाम कठीण: चार मिनिटांत मरा, पुन्हा नाणं टाका. लूट तेव्हाही होती. फक्त तिला एक तोड होती. हात बसला की एका नाण्यावर पोरगा अर्धा तास उभा राहायचा आणि पार्लरवाला मागून चरफडायचा.

मग टीव्ही गेम आला. जपानच्या निन्टेन्डोनं १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमचे नाना अवतार आपल्याकडे ‘मीडिया’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी खपले. त्याच्या कार्ट्रिजला आपण कॅसेटच म्हणायचो. कॅसेटचे पैसे एकदाच मोजायचे, त्यामुळे गेमला तुम्हाला घाईनं मारण्याचं कारण उरलं नाही. ‘कॉन्ट्रा’मधले तीस जीव आठवतात? वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए. ही युक्ती कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ मध्ये ‘ग्रॅडियस’ घरच्या यंत्रावर आणताना तपासणीसाठी तो त्यांनाच पार करता येईना, म्हणून त्यांनी स्वतःपुरती चोरवाट ठेवली. ती आत तशीच राहिली, पुढे ‘कॉन्ट्रा’तही आली आणि जगभरच्या पोरांना पाठ झाली. पैसे आधीच वसूल झालेले असल्यामुळे तीस जीव वाटायला कंपनीचं काही जात नव्हतं. आज ते तीस जीव दुकानात मांडले असते, वर दिवाळीची सवलत लावून.

हे दुकान थाटलं कधी? २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीनं ‘ऑब्लिव्हियन’ या गेममधल्या घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. लोक पोट धरून हसले. २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’मध्ये नशिबाच्या पेट्या आल्या, म्हणजे पैसे मोजायचे आणि आत काय निघेल ते देवाला माहीत. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. जगभर इतका ओरडा झाला की पुढच्याच वर्षी बेल्जियमनं अशा पेट्यांना जुगारात धरलं. आपल्याकडे २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. हे बरं झालं. पण पैसे घालून नुसता बंदुकीचा रंग बदलणारा पोरगा या जुगाराच्या व्याख्येत कसा बसणार?

आणि आमच्याकडचे गेम नेमके याच रंगांवर चालतात. २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये पबजी मोबाइल. फुकट गेमला शेवट परवडत नाही. म्हणून सीझन, रोजची हजेरी, मुदत संपायच्या आत पुरी करायची कामं. पोरं शाळेला दांडी मारतील, पण गेमची हजेरी चुकवणार नाहीत. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं पबजीवर बंदी घातली. २०२१ मध्ये तो बीजीएमआय होऊन परतला, जुलै २०२२ मध्ये ॲपच्या दुकानांतून गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. एवढ्या येरझाऱ्यांत पोरांनी विकत घेतलेले कपडे-बंदुका नक्की कुणाच्या मालकीच्या, हे कुणी विचारलं नाही.

मालकीचा धडा आम्हाला निसर्ग वादळानं दिला होता. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वीज गेली, टॉवर गेले, ते कित्येक दिवस. ज्यांच्याकडे चार्जिंग होतं त्यांचे फोन सुरू व्हायचे, गेम मात्र सर्व्हर शोधत बसायचे. वादळ हे निदान कारण तरी खरं. युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ हा पैसे मोजून घेतलेला गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हरसकट बंद केला, आणि घरातली डिस्क कुचकामी झाली. त्यावरून युरोपात उभ्या राहिलेल्या मोहिमेला दहा लाखांवर सह्या मिळाल्या. माझ्या माळ्यावरची कॅसेट बंद करायला कुणाला तरी माझ्या घरात यावं लागेल.

एकरकमी आणि फुकट, हे दोन्ही मार्ग एकाच शहरात पाहायचे तर पुण्याला जा. नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ आणला. भावाला शोधत निघालेली सर्कशीतली मुलगी, राजस्थानी महाल, छायाबाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. २०१७ ची त्यांची लोकवर्गणी फसली होती, तरी त्यांनी काम सोडलं नाही. हाणामारी मला जरा अडखळती वाटली. पण एकदा पैसे द्या, दोन-तीन बैठकांत संपवा, मोकळे व्हा. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, तो फुकट आणि न संपणारा. त्यांना दोष कसा द्यायचा? तळ्यातला कुठला पोरगा गेमसाठी आधी हजार रुपये काढील?

एकरकमी गेम मेले, असंही नाही. २०२४ चा ‘बालाट्रो’ एका माणसानं बनवलाय. मोजक्या माणसांचा ‘सिल्कसाँग’ ४ सप्टेंबर २०२५ ला वीस डॉलरला आला, तर गर्दीनं ऑनलाइन दुकानं कोलमडली. त्याच सुमारास मोठ्या कंपन्या सत्तर-ऐंशी डॉलर घेऊन वर आत दुकानही थाटत होत्या. माझा पैसा आता छोट्यांकडे जातो.

पुतण्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, “काका, तुमच्या गेममध्ये बोलायला कोण असायचं?” त्याच्या वर्गातले निम्मे दहावीनंतर माणगाव, पनवेल, मुंबईला पांगले. रात्री साडेनऊला ते एका स्क्वॉडमध्ये जमतात आणि गोळीबारापेक्षा गप्पाच जास्त मारतात. कुणाची नोकरी, कुणाचं बिनसलं, गणपतीला कोण कधी येणार, हे त्याला तिथेच कळतं. यावर मला काही बोलता आलं नाही. एवढंच विचारलं, की या गप्पा मारायला गेममध्ये पैसे मोजून घेतलेला तो सोनेरी कोट कशाला लागतो? तो म्हणाला, सगळ्यांनी घेतलाय.