मूल मोठे होते केव्हा? : अमेरिकन प्राप्तिकरातील एक प्रश्न

युनियनच्या कचेरीत आमचे अर्धे आयुष्य लोकांचे फॉर्म भरण्यात गेले. त्यांत एक रकाना हमखास असे : ‘अवलंबित व्यक्ती’. तिथे आला की कामगाराचा हात थबके. बायको लिहिली, म्हातारी आई लिहिली. पण सत्तावीस वर्षांचा, शिकलेला, नोकरी नसलेला मुलगा लिहायचा की नाही? घरात तो दोन वेळा जेवतो, हे खरे. पण लिहावे तर कारकून काट मारतो आणि न लिहावे तर बापाला वाटते की आपण पोराला घराबाहेर काढले. ‘अवलंबित’ हा शब्द दिसतो साधा. त्याच्या पोटात फार गुंतागुंत आहे.

या शब्दाचा कीस अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्याने जितका पाडला आहे, तितका क्वचितच कोणी पाडला असेल. आपल्यापैकी कित्येकांची मुले, भाचे, पुतणे आज तिकडे आहेत. म्हणून तो कायदा येथे उलगडून पाहू.

प्रथम थोडा इतिहास. १९१७ साली तेथे अठरा वर्षांखालील मुलामागे २०० डॉलरांची सूट मिळू लागली. १९४४ साली वयाची अट गेली आणि दोन नव्या कसोट्या आल्या : मुलाचा निम्म्याहून अधिक खर्च करदात्याने केलेला असावा आणि मुलाची स्वतःची कमाई ठराविक रकमेच्या आत असावी. ही रकम पुढे ६०० डॉलर झाली. आता कॉलेजात शिकणारा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. तो सुटीत कारखान्यात राबतो, फीला हातभार लावतो. त्याची कमाई ६०० डॉलरला टेकली की बापाची सूट समूळ जाई! मग मुलाने काम थांबवणेच घराच्या फायद्याचे ठरे. कष्ट करणाऱ्यालाच दंड, असा हा न्याय होता. १९५४ च्या कायद्याने ती चूक सुधारली. एकोणीस वर्षांखालील मुलाला आणि पूर्णवेळ विद्यार्थ्याला कमाईची अट उरली नाही. त्या काळी विद्यार्थ्याला वयाची मर्यादाही नव्हती.

आजचा कायदा मूल दोन दरवाजांनी आत घेतो. पहिला दरवाजा ‘पात्र मुला’चा. वर्षअखेर मूल एकोणीस वर्षांच्या आत असावे. वर्षातले निदान पाच महिने ते पूर्णवेळ शिकत असेल तर चोवीस वर्षांच्या आत. अर्ध्याहून अधिक वर्ष ते आईबापांच्या घरी राहिलेले असावे. शिक्षणासाठी वसतिगृहात काढलेले दिवस घरातलेच धरतात. आणि त्याने स्वतःचा निम्म्याहून अधिक खर्च स्वतः केलेला नसावा. इथे कमाई किती झाली हे कोणी विचारीत नाही. त्यातून स्वतःवर खर्च किती केला, हे विचारतात.

हा फरक हिशेबाने पाहू. बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च २०,००० डॉलर आहे असे समजा. त्याने दुकानात काम करून ९,००० मिळवले. त्यांतले ४,००० बँकेत ठेवले, ५,००० स्वतःवर खर्च केले. बँकेतले पैसे खर्चात धरायचे नाहीत. शिष्यवृत्ती मिळाली असेल तर तीही या तराजूत घालीत नाहीत. खर्चाचा चौथा हिस्साच त्याचा झाला. तेव्हा तो बापाच्या विवरणपत्रात येतो.

दोन वर्षे गेली. शिक्षण संपले, मुलाला चोवीस पुरी झाली, नोकरी नाही, घरीच आहे. पहिला दरवाजा बंद झाला. आता दुसरा, ‘पात्र नातेवाइका’चा. इथे वयाची अट नाही, पण अर्गळा दोन आहेत : बापाने निम्म्याहून अधिक खर्च स्वतः उचललेला असला पाहिजे आणि मुलाचे करपात्र उत्पन्न मर्यादेच्या आत असले पाहिजे. २०२५ सालासाठी ही मर्यादा ५,२०० डॉलर होती. म्हणजे ४,८०० मिळवणारा मुलगा आत येतो आणि ५,६०० मिळवणारा बाहेर राहतो, मग बाप त्याला वर्षभर पोसत का असेना. १९५४ साली विद्यार्थ्यावरून काढलेला तो जुना दंड बेकार तरुणाच्या डोक्यावर अजून तसाच आहे!

कायमच्या व पूर्ण अपंगत्व असलेल्या मुलाला मात्र पहिल्या दरवाजाशी वय विचारीत नाहीत. पस्तिशीची लेकही तिथे ‘मूल’च असते. कायद्यातली ही माणुसकी आम्ही मानतो.

मग मिळते काय? पूर्वी माणशी उत्पन्नातून सूट मिळे. २०१८ पासून ती शून्यावर आणली आणि २०२५ च्या कायद्याने ते कायम केले. आता सतरा वा अधिक वयाच्या अवलंबितामागे देय करातून ५०० डॉलरपर्यंत कमी होतात. कर देणेच नसेल तर हाती काही येत नाही. कॉलेजच्या खर्चावरची सवलत मात्र याहून मोठी असू शकते आणि ती मुलाला अवलंबित दाखवणाऱ्यालाच मिळते. म्हणून मुलाने स्वतःचे विवरणपत्र भरताना ‘मला दुसरा कोणी अवलंबित दाखवू शकतो’ ही खूण करावी लागते. बापलेकांनी आधी बोलून घेतले नाही, तर एकच माणूस दोन कागदांवर चढतो आणि विचारणा येते.

दोन गैरसमज येथेच दूर करू. आईबापांच्या आरोग्यविम्यात मुलाला सव्विसाव्या वर्षापर्यंत राहता येते; ती २०१० च्या वेगळ्या कायद्याची तरतूद आहे, कराशी तिचा संबंध नाही. दुसरे, अवलंबित हा अमेरिकेचा नागरिक अथवा तेथील, किंवा कॅनडा-मेक्सिकोचा, रहिवासी लागतो. तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या माणसाचा मुलगा भारतीय नागरिक असून पुण्यात शिकत असेल, तर त्याची सारी फी भरूनही त्याचे नाव तेथे लिहिता येत नाही.

१९८६ च्या कायद्याने पाच वर्षांवरील अवलंबितांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक लिहिणे सक्तीचे केले, तेव्हा पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रांतून सुमारे ७० लाख ‘अवलंबित’ नाहीसे झाले! त्यांत खोटी नावे होती, तशीच घटस्फोटित आईबापांनी दोन्हीकडे दाखवलेली मुलेही होती. तेव्हा कायद्याने पुरावा मागू नये, असे आम्ही म्हणत नाही.

आपल्याकडेही १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेने मृत कामगाराच्या मुलांसाठी पंचविसाव्या वर्षी रेघ ओढली आणि अपंग मुलाला त्यापलीकडे आधार ठेवला. रेघ कुठेतरी ओढावीच लागते. त्याशिवाय हिशेब होत नाही. पण ती ओढताना दोन गोष्टी पाहाव्यात, असे आमचे मत आहे. चार पैसे मिळवणाऱ्या पोराच्या कष्टावर ती दंड होऊ नये. आणि रेघेबाहेर राहिलेल्या तरुणाने आपण घराला भार झालो, असे समजू नये. कागदावरचा रकाना सरकारचा आहे. घरातले पान आपल्या हातचे आहे. फॉर्ममध्ये नाव बसले नाही, म्हणून ते पान कोणी उचलीत नाही.