शस्त्रक्रियेनंतर मुलांच्या वेदना

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील सुपा (ता. पारनेर) येथील एखाद्या मुलावर पुण्यास वा अहिल्यानगर येथे आंत्रपुच्छाची किंवा अंतर्गळाची शस्त्रक्रिया झाली, की थोड्याच दिवसांत, अंतर्गळाच्या बाबतीत पुष्कळदा त्याच दिवशी, त्यास घरी सोडण्यात येते. पुढील वेदनांचा भार घरच्या मंडळींवर पडतो.

लहान मुलांस वेदना कमी होतात, हा समज केवळ खेड्यापाड्यांतील नव्हे. नवजात अर्भकांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया करण्याची प्रथा पाश्चात्त्य रुग्णालयांतही १९८० च्या दशकापर्यंत होती. इंदूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे केलेल्या व १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या समजास धक्का दिला. प्रभावी वेदनाशामक मिळालेल्या अर्भकांच्या शरीरावरील ताण कमी राहतो व गुंतागुंतही कमी होते, असे त्यात आढळले.

पोटावर टाके असलेले मूल दुखण्याच्या भीतीने खोल श्वास घेत नाही, खोकला दाबून धरते. त्यामुळे छातीत कफ साचतो. निपचित पडलेल्या मुलास आपण कौतुकाने ‘शहाणे’ म्हणतो. वस्तुतः हलल्यास दुखते म्हणूनही ते पडून असेल. बोलता न येणाऱ्या बालकाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि जवळ घेतल्यावर ते शांत होते की नाही, या पाच गोष्टींवरून डॉक्टर वेदना जोखतात. मातेलाही हे सहज पाहता येते.

शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ पुष्कळदा माकडहाडापाशी इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. हा परिणाम काही तासांत, कधी घरी परतताना वाटेतच ओसरतो. म्हणून पहिले दोन दिवस मूल रडण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळीच औषध द्यावे. पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : सामान्यतः दर किलोस १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. बारा किलोच्या मुलास १८० मिलिग्रॅम. परंतु पाच मिलिलिटरमध्ये १२० व २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरपे दुकानांत मिळतात. पहिले साडेसात मिलिलिटर लागेल, तर दुसरे सुमारे साडेतीनच. घरातील चमच्याने हा हिशेब जुळत नाही. बाटलीसोबतचे मापच वापरावे. ॲस्पिरिन मुलांस देऊ नये. बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडवर भारतात २०११ पासून बंदी आहे.

खोकताना पोटाशी उशी धरल्यास टाक्यांवरील ताण कमी होतो. मूल शाळेत परतल्यावर शिक्षकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज त्यास कवायतीस उभे करू नये.

वेदना दिवसागणिक उतरली पाहिजे. ती वाढू लागली, पोट फुगले, हिरवी उलटी झाली, ताप आला किंवा जखमेतून पू येऊ लागला, तर वेदनाशामकाची मात्रा न वाढवता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे.