पंप कंपनीचा, जमीन आपली

हुपरीचं नाव चांदीमुळे झालं, पण गावाभोवतीचं शिवार उसाचं आहे. जवाहर साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की यळगूड, रेंदाळ, पट्टणकोडोलीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावू लागतात. जिथे इतकं डिझेल लागतं, तिथल्या रोडटच जमिनीला पेट्रोल पंपासाठी विचारणा होणारच. भाडं ठरतं, सह्या होतात आणि भाडेपट्ट्याची प्रत कपाटात जाते. ती बाहेर निघते मुदत संपल्यावर. तोवर मालकाच्या हातातलं बरंच काही निसटलेलं असतं.

यामागे जुना इतिहास आहे. एस्सो, बर्मा शेल आणि कॅल्टेक्स या परदेशी कंपन्या 1974, 1976 आणि 1977 च्या कायद्यांनी सरकारने ताब्यात घेतल्या. त्यांतून आजच्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम उभ्या राहिल्या. मुदत संपलेले भाडेपट्टे सरकारची इच्छा असल्यास त्याच अटींवर पुन्हा चालू राहतील, अशी तरतूद या कायद्यांत होती. त्याच अटींवर म्हणजे त्याच भाड्यात. शहरांतल्या मोक्याच्या जागा वर्षानुवर्षं जुन्या भाड्यात अडकल्या त्या यामुळे. हा नूतनीकरणाचा हक्क सरकारी कंपनीने मनमानीने वापरायचा नाही, वाजवीपणे वापरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये मद्दुला रत्नवल्ली प्रकरणात बजावलं.

महाराष्ट्रात चित्र त्याआधीच पालटलं होतं. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्यांचं भाडेकरू म्हणून असलेलं संरक्षण काढून घेतलं. सरकारी मालकीच्या कंपन्याही त्यात येतात, हे 2008 च्या लीलाबाई पानसरे निकालाने पक्कं झालं. त्यामुळे ‘सरकारी कंपनी आहे, तिला कोण उठवणार’ हा पारावर ऐकू येणारा समज खरा नाही. मुदत संपली की मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे ताबा मागता येतो.

इथे सगळ्यात महाग पडते ती गप्प राहण्याची सवय. मुदत संपल्यावरही खात्यावर भाडं जमा होत राहतं, मालक ते काही न बोलता घेतो, आणि पुढे कंपनी म्हणते, तुमच्या संमतीनेच आम्ही राहिलो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 116 तिला असं म्हणायला वाव देतं. म्हणून मुदत संपण्याआधीच लेखी कळवावं की नूतनीकरण नको, किंवा हवं असल्यास कोणत्या दराने. नंतर येणारी रक्कम भाडं म्हणून नव्हे, तर जागा वापरल्याची भरपाई म्हणून, हक्क राखून घेत आहोत, हेही लिहून द्यावं. वर्षाहून जास्त मुदतीचं नूतनीकरण नुसत्या पत्रावर होत नाही; नोंदणीकृत दस्त लागतो.

पंपचालक निघत नाही, ही दुसरी अडचण. कंपनी त्याच्याकडे बोट दाखवते आणि तो कंपनीकडे. पण कंपनीचा जागेवरचा हक्क संपला की तिच्यामार्फत आलेल्याचाही टिकत नाही. शिवाय पेट्रोल साठवायचा परवाना जागेवरच्या हक्कावर उभा असतो. भाडेपट्टा संपल्यावर नुसता ताबा म्हणजे जागेवरचा हक्क नव्हे आणि तो हक्क गेला की परवानाही टिकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सी. अल्बर्ट मॉरिस प्रकरणात दिला. त्यामुळे दिवाणी दाव्याच्या जोडीने जिल्हाधिकारी आणि परवाना देणारी पेसो ही यंत्रणा, जिचं मुख्यालय नागपूरला आहे, यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. माझ्या मते मालकांनी हा मार्ग आजवर फारच कमी वापरला आहे.

शेतातून जाणारी गॅसवाहिनी मात्र वेगळी. दाभोळ-बंगळुरू वाहिनी कोल्हापूर जिल्ह्यातून गेली ती भाडेपट्ट्याने नव्हे, 1962 च्या कायद्याखाली ‘वापराचा हक्क’ घेऊन. जमीन मालकाचीच राहते, पण त्या पट्ट्यात घर, विहीर, झाड चालत नाही. पिकाच्या आणि इतर नुकसानीची भरपाई मिळते. वापराच्या हक्कासाठी बाजारभावाच्या 10 टक्के. अधिसूचनेपासून 21 दिवसांत हरकत घ्यायची असते, आणि भरपाईची रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं.

पंपासाठी नवा करार करणाऱ्यांनी सातबारावरच्या प्रत्येक सहहिस्सेदाराची सही घ्यावी, बहिणींचीही. कंपनीपेक्षा भाऊबंदकीनेच करार आधी मोडतात. भाडेवाढ ठरावीक वर्षांनी आपोआप व्हावी, नूतनीकरण एकट्या कंपनीच्या मर्जीवर नसावं, आणि जमिनीतल्या टाक्या काढून माती साफ करून देण्याचा खर्च कंपनीचा, हे स्पष्ट लिहावं. वाद कंपनीनेच नेमलेल्या लवादाकडे जाईल असं कलम असेल, तर 2019 चा पर्किन्स ईस्टमन निकाल दाखवून ते बदलून मागावं. निकालाशी ज्याचं हित जोडलेलं आहे, त्याला एकट्याने एकमेव लवाद नेमता येत नाही, असं त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे.