विलायतेंतील खेचर-पलटण

माणदेशांत जनावर म्हटलें म्हणजे प्रथम खिलार डोळ्यांपुढें येतें. त्यामागून मेंढरें, धनगरांचीं तट्टें आणि कुंभार-वडारांचीं गाढवें. खरसुंडीच्या पौषी यात्रेंत खोंडाच्या शिंगापासून खुरापर्यंत पारख करणारा आमचा शेतकरी खेचराचें नांव मात्र बहुधा शिवी म्हणूनच उच्चारतो. वास्तविक हें जनावर तितकें हिणकस नाहीं. जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारांत जें गाढव विकलें जातें, त्याच्या जातीचा नर व घोडी यांच्या संकरापासून खेचर निपजतें. त्यास पुढें प्रजा होत नाहीं. पण बापाचा काटकपणा व आईची अंगलट या दोन्ही गोष्टी त्याच्या वांट्यास येतात. अशा खेचरांच्या चार कंपन्या १९३९ सालीं मुंबईहून बोटींत चढून फ्रान्सांत गेल्या, आणि त्यांची चाकरी करणारे लोक पुढें साडेतीन वर्षें विलायतेंत राहिले, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं. शेतीच्या मासिकांत पलटणीची कथा कशास, असें कोणी म्हणेल. परंतु ही कथा बंदुकीची नसून दावणीची आहे.

१९३९ च्या सप्टेंबरांत युरोपांत महायुद्ध पेटलें, तेव्हां इंग्रजांनीं फ्रान्सांत जी फौज उतरविली ती जवळजवळ सगळी मोटारींवर चालणारी होती. पहिल्या महायुद्धांत लाखों घोडीं व खेचरें राबविणाऱ्या त्या सैन्यानें वीस वर्षांच्या अवधींत जनावरास रजा दिली होती. पण हिवाळा तोंडावर आला, उत्तर फ्रान्सांतील चिखल दिसूं लागला, आणि मालमोटार जेथें रुतून बसते तेथें शिधा व दारूगोळा कोणी पोंचवावा हा प्रश्न उभा राहिला. तेव्हां हिंदुस्थानकडे मागणी आली. वायव्य सरहद्दीवरील डोंगराळ मुलखामुळें येथील लष्करांत खेचर-वाहतुकीची व्यवस्था जुनी व कसलेली होती; १९१५ सालीं गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर याच व्यवस्थेंतील खेचरांनीं पाणी व गोळे वाहिले होते. त्याप्रमाणें रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोर या खात्याच्या २२, २५, २९ व ३२ या क्रमांकांच्या कंपन्या निवडण्यांत आल्या. सर्वांस मिळून 'फोर्स के-६' असें नांव दिलें गेलें. सुमारें अठराशें माणसें व दोन हजार खेचरें असा तो पसारा २६ डिसेंबर १९३९ रोजीं मार्सेय बंदरांत उतरला. (आपली आटपाडी त्या वेळीं औंध संस्थानांत होती, आणि त्याच वर्षाच्या आरंभीं औंधच्या प्रजेस स्वराज्याची घटना मिळाली होती.)

या लोकांत पंजाबी मुसलमानांचा भरणा मोठा होता. जेहलम, रावळपिंडी या आज पाकिस्तानांत असलेल्या जिल्ह्यांतून अशी भरती पुष्कळ होई. तो मुलूखही आपल्यासारखाच पावसाच्या तोंडाकडे पाहणारा, जमीन थोडी आणि घरांत खाणारीं तोंडें फार. जनावर लहानपणापासून अंगवळणीं पडलेल्या अशा मुलांस खेचराची पाठ ओळखणें जड गेलें नाहीं. अशा हाकणाऱ्यास पलटणींत 'ड्राबी' म्हणत. इंग्रजी 'ड्रायव्हर' शब्दाचें हें शिपाईगिरींतलें रूप होय.

फ्रान्सांतील तो हिवाळा फार कडक गेला. पाठीवर झूल, पुढें तोबरा, आणि गोठलेल्या जमिनींत न शिरणारे खुंट, अशा स्थितींत त्यांनीं जनावरें जगविलीं. मे १९४० मध्यें जर्मनांनीं चढाई केली आणि अवघ्या दोन-तीन आठवड्यांत सर्व फौज समुद्रापर्यंत मागें रेटली गेली. डंकर्ककडे जातांना २४ मे रोजीं एका तुकडीवर खालून तोफांचा व वरून विमानांचा मारा झाला. तेव्हां जमादार मौला दाद खान यांनीं माणसें व जनावरें रस्त्यावरून बाजूस घेऊन आडोशास नेलीं. एक माणूस वा एक खेचरही न गमावतां तुकडी बाहेर काढली. याबद्दल त्यांस इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळालें. पदकाच्या शिफारशींत माणसांबरोबर जनावरांचाही हिशेब मांडलेला आहे, हें मला विशेष वाटतें.

तथापि तीं वांचविलेलीं जनावरें पुढें नेतां आलीं नाहींत. बोटींत माणसांसच जागा पुरेना. खेचरें फ्रान्सांतच ठेवून किनारा गांठण्याचा हुकूम झाला. ज्यास रोज खरारा केला, ज्याच्या टापेखालचा खडा स्वतःच्या बोटांनीं काढला, तें जनावर परक्या मुलखांत दाव्यावरून सोडून माघारीं फिरणें म्हणजे काय, हें दुष्काळांत बैल बाजारीं नेलेल्या आमच्या लोकांस निराळें सांगावयास नको. मेजर महंमद अकबर खान हे सुमारें तीनशें हिंदी लोकांस घेऊन डंकर्कच्या वाळूंतून धक्क्याकडे गेले. हेच गृहस्थ पुढें पाकिस्तानी सैन्यांत मेजर जनरल झाले. २२ क्रमांकाची कंपनी मात्र फ्रान्सच्या पूर्वेकडील भागांत अडकली व जून १९४० मध्यें जर्मनांच्या हातीं सांपडली. हिंदी युद्धकैद्यांपैकीं कित्येक पुढें एपिनाल येथील तळांत होते. ११ मे १९४४ रोजीं त्या तळावर मित्रराष्ट्रांच्याच विमानांनीं बाँब टाकले. भिंती पडल्या, आणि सुमारें पांचशें कैदी तेथून निसटून पायीं स्वित्झर्लंडांत पोंचले.

विलायतेंत आलेल्या कंपन्यांस प्रथम जनावरेंच नव्हतीं. नुसतीं खोगिरें, दोर आणि माणसें! पुढें त्यांस नवीं जनावरें मिळालीं, आणि मग पुन्हां जुना दिनक्रम सुरू झाला. डर्बीशायर, डेव्हन, कॉर्नवॉल, नंतर वेल्सचे डोंगर व शेवटीं स्कॉटलंडचा उत्तर भाग, असा त्यांचा मुक्काम हलत गेला.

दिनक्रम तो काय? जो कोणत्याही खेचर-पलटणीचा असतो तोच. पहांटे उठून प्रथम दावणीकडे जावयाचें. स्वतःचा चहा मागून. कोणतें जनावर रात्रीं बसलें नाहीं, कोणी वैरण टाकली, कोणाचें दावें पायांत अडकलें, हें आधीं पाहावयाचें. नंतर पाणी. पाणी आधीं व चंदी मागून, हा घोड्या-खेचरांच्या पागेंतला नियम अतिशय कडक असतो; पोटांत दाणा पडल्यावर वर भरपूर पाणी पाजल्यास पोटदुखी उठण्याचा धोका मानतात. घाणेरडें पाणी खेचर पीत नाहीं. तोंड लावून मागें सरतें. त्यास कोणी हट्टी म्हणो, आम्ही शहाणें म्हणूं. पाण्यानंतर तोबऱ्यांत चंदी, मग खरारा. खरारा म्हणजे केवळ घाण काढणें नव्हे. हात अंगावरून फिरतां फिरतां कोठें ऊन लागतें, कोठें सूज आहे, कोठें दाबल्यावर कातडें थरथरतें, हें समजतें. त्यानंतर चारी खूर उचलून पाहावयाचे, नाल ढिला असल्यास नालबंदाकडे पाठवावयाचें, आणि मगच खोगीर.

खोगिराचें प्रकरण या सर्वांत नाजूक. एका खेचरावर साधारणपणें दोन मण, म्हणजे सुमारें १६० पौंड माल, दोन्ही बाजूंस सारखा विभागून लादीत. एका अंगास दोन-चार शेर जास्त झाले तरी दहा मैलांत खोगीर सरकतें, आणि संध्याकाळीं पाठ लागलेली दिसते. लागलेल्या पाठीचें जनावर आठवडेच्या आठवडे बसून खातें. म्हणून वाटेंत विसाव्याच्या वेळीं आधीं ओझें तपासणें, मुक्कामीं पोंचल्यावर घाम जिरेपर्यंत खोगीर एकदम न उचलणें, उचलल्यावर पाठ चोळणें, हीं कामें थकलेल्या माणसानेंही चुकवावयाचीं नसत. पावसाळी मुलखांत खोगिराखालचें कांबळें ओलें राहिल्यास तेंच पाठ सोलतें. वेल्स व स्कॉटलंड येथें पाऊस तर नित्याचा. त्यामुळें कांबळीं वाळविणें हें लढाईइतकेंच अवघड काम झालें असलें पाहिजे.

माणसांच्या खाण्याचीही व्यवस्था घरच्यासारखी ठेवावी लागे. पिठाच्या चपात्या, डाळ, तूप आणि धर्माप्रमाणें कापलेलें मांस. चपात्यांचा वास आसपासच्या गांवांतील पोरांस तळाकडे ओढून आणी. स्वतःच्या घरीं सर्व कांहीं शिधापत्रिकेवर मोजून मिळत असतां या परक्या पाहुण्यांच्या तव्यावरची गरम भाकरी त्यांस मोठी अपूर्वाईची वाटली तर नवल नाहीं. खेचरावर बसावयास मिळे, हें दुसरें आकर्षण. मोकळ्या वेळीं घोड्यावरून भाल्यानें खुंटी उपटण्याचे खेळ होत व ते पाहण्यास गांव लोटे. ईदच्या दिवशीं कांहीं लोक वोकिंग येथील १८८९ सालीं बांधलेल्या मशिदींत नमाजास जात. लंडनमध्यें इंडियन कम्फर्ट्स फंड या नांवाची एक मंडळी होती. ती या लोकांस लोकरीचे कपडे व कैदेंतील लोकांस अन्नाचीं पुडकीं धाडी.

१९४२ पासून स्कॉटलंडांत त्यांनीं बावन्नाव्या लोलंड डिव्हिजनबरोबर डोंगरी लढाईचा सराव केला. नॉर्वेंत उतरावयाचें झाल्यास ही फौज उपयोगी पडावी असा बेत होता. विधिलिखित असें कीं, डोंगर चढण्यास वर्षानुवर्षें शिकविलेली ती डिव्हिजन १९४४ च्या शरदांत लढली ती हॉलंडांतील समुद्रसपाटीच्याही खालच्या जमिनीवर! आमचे खेचरवाले तोंवर तेथें राहिले नव्हते. १९४४ च्या आरंभीं त्यांनीं हिंदुस्थानची वाट धरली होती. उत्तर स्कॉटलंडच्या हिवाळ्यांत दिवस सात तासांचाही नसतो. दोन्ही वेळच्या दावणी कंदिलाच्या उजेडांत उरकाव्या लागत. तें हवामान सर्वांनाच मानवलें नाहीं. किंगसी या लहानशा गांवाच्या कबरस्तानांत या पलटणीचे नऊ लोक पुरलेले आहेत. तेथील एका बाईनें अनेक दशकें त्या कबरींची झाडलोट केली, फुलें ठेवलीं. कबरींतल्या माणसांशीं तिचें नातें कांहींच नव्हतें.

आतां आपल्या मुलखाकडे येतों. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी १९४३ ते १९४५ पर्यंत इटलींत लढत होत्या. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे, आणि ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, हें सर्वांस माहीत आहे. घाडगे त्याच लढाईंत पडले. इटलीच्या ज्या डोंगरांतून या पलटणी पुढें सरकल्या, तेथें पावसाळ्यांत मोटार निकामी झाली कीं रात्रीच्या काळोखांत शिधा, पाणी, गोळ्या वर नेणारें व जखमींस खालीं आणणारें साधन खेचरच होतें. साताऱ्याकडील ज्या घरांतून त्या वेळीं तरुण गेले, त्या घरांवर या मुक्या जनावराचे उपकार आहेत. शौर्याचीं पुस्तकें लिहिणाऱ्यांनीं हा हिशेब कोठें मांडलेला मला तरी आढळला नाहीं.

टेंभू योजनेचें पाणी आल्यापासून आटपाडी तालुक्यांत डाळिंबें वाढलीं, ट्रॅक्टर वाढले, आणि दावणीचा बैल कमी झाला. त्याबद्दल उगाच गळा काढण्याचें कारण नाहीं. बैल ज्यास परवडत नाहीं त्यानें तो ठेवूं नये. परंतु जो ठेवतो त्यानें तरी ड्राबीची शिस्त पाहावी. २०१९ सालच्या दुष्काळांत चारा छावण्यांच्या नोंदी लिहिण्याचें काम माझ्याकडे होतें. मोठ्या जनावरामागें दररोज ९० रुपये, व त्या मे महिन्यापासून १०० रुपये अनुदान. नोंदींत जनावराची संख्या असे, चाऱ्याचें वजन असे. खांद्यास रकाना नसे. दावणीवरून फिरतांना मात्र कित्येक बैलांच्या मानेवर जुनी खांदेसूज दिसे. तीन-तीन महिने काम नसतांही ती बसलेली नव्हती, इतकी मुरलेली.

आपल्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशीं हळद व तूप लावून खांदेमळणी करतात. चाल फार चांगली आहे, पण ती वर्षांतून एक दिवस. जूं कोणत्या बाजूस झिजलें आहे, त्याची कड उघडी पडली आहे काय, जोडींतला एक बैल उंच व एक बुटका असल्यानें ओझें एकाच खांद्यावर तर पडत नाहीं ना, हें पेरणीच्या आठवड्यांत रोज पाहावयास हवें. औत सोडल्याबरोबर तळहात मानेवरून फिरवावा. जेथें हाताखालीं ऊन लागेल तेथें दुसऱ्या दिवशीं जूं ठेवूं नये. गार पाण्याची घडी ठेवावी, सूज कठीण झाल्यास गुरांच्या डॉक्टरांस दाखवावी, आणि सूज उतरेपर्यंत त्या बैलास औतास जुंपूं नये.