गांठ न दिसणारा कर्करोग

आपल्या नागपूरकडे घरांतल्या वडीलधाऱ्या माणसाला कावीळ झाली कीं पहिला दोष उन्हाळ्याला आणि पाण्याला दिला जातो. मग चुन्याच्या पाण्यांत हात धुवून कावीळ उतरविणाऱ्याचा शोध सुरू होतो. दूषित पाण्यामुळें आलेली कावीळ बहुधा कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय त्या पिवळ्या पाण्याला मिळतें! परंतु अंगाला खाज सुटणें, शौचाचा रंग मातीसारखा पांढुरका होणें, लघवी गडद होणें, हीं पित्ताची वाट अडल्याचीं चिन्हें होत.

ही वाट बहुधा खड्यानें अडते. कधीं पित्तनलिकेच्या कर्करोगानेंही. कर्करोग म्हणजे गांठ अशी आपली समजूत आहे, आणि यकृताच्या आंतील नलिकांचा हा रोग बहुतेक वेळां गांठीच्याच रूपानें वाढतो. जपानी तज्ज्ञांनीं मात्र वाढीचीं आणखी दोन रूपें निराळीं काढलीं. एकांत, भिंतींत ओल पसरावी तसा रोग नलिकेच्या कडेनें सरकतो. नलिका अरुंद होते, तिच्यामागील शाखा पित्तानें फुगतात. पण बोट ठेवावें अशी गांठ नसते. अमेरिकेंतील डॉ. क्लाट्स्किन यांनीं १९६५ सालीं यकृताच्या दाराशीं, नलिकांच्या संगमावर होणाऱ्या अशाच लहान कर्करोगाच्या १३ रोग्यांचें वर्णन केलें होतें. दुसऱ्या रूपांत वाढ नलिकेच्या पोकळींतच शेवाळासारखी होते. सोनोग्राफींत ती खडा किंवा गाळ म्हणून खपून जाते. खेद याचा, कीं वेळींच ओळखून काढल्यास याच रूपाचा रोगी अधिक काळ जगण्याची आशा असते.

म्हणून परीक्षकानें गांठ शोधण्यापेक्षां नलिका कोठें व कशी थांबते हें पाहावें. एम. आर. आय. मध्यें नलिकांचा सबंध वृक्ष दिसतो. रक्तांतील सी. ए. १९-९ हें द्रव्य निव्वळ अडलेल्या पित्तानेंही वाढतें. त्यावर एकट्यावर विसंबतां येत नाहीं. उलट, स्टेरॉइडनें बरा होणारा एक दाहही नलिकेला हुबेहूब असाच अरुंद करतो. निर्णय पेशी तपासून व्हावा. पण भिंतींतील रोगांत ब्रशानें हातीं येणाऱ्या पेशी थोड्या असतात. तेव्हां 'कर्करोग आढळला नाहीं' या एका अहवालावर संशय मिटवूं नये.

पित्त मोकळें करण्यासाठीं नळी घातल्यावर नलिका मिटतात व चित्र अस्पष्ट होतें. थंडी वाजून ताप नसेल, तर आधीं हीं चित्रें घेतलीं आहेत काय, एवढें आपण डॉक्टरांना अवश्य विचारावें. ताप असल्यास मात्र नळीला विलंब चालत नाहीं.