मूल मोठं होतं, तेव्हा आईबाबांच्या मनात काय चालतं?

दहावीनंतर लातूरच्या किंवा पुण्याच्या वसतिगृहाबाहेर गाद्या, बादल्या, चिवड्याचे डबे उतरवले जातात. मूल आत गेल्यावरही आईबाबांचा पाय तिथून निघत नाही. ऊर अभिमानानं भरलेला असतो आणि पोटात खड्डाही पडलेला असतो. या अवस्थेबद्दल आपल्याकडे जे सर्रास बोललं जातं, त्यातलं बरंचसं चुकीचं आहे.

‘पोरगी शिकायला चाललीय, रडता कशाला?’ असं नातेवाईक म्हणतात. खरा आनंद असेल तर डोळ्यांत पाणी येऊ नये, असा त्यामागचा समज. पण दोन्ही भावनांचं मूळ एकच आहे. तिला एकटीनं एसटी पकडता येते, आजारी पडली तर औषध आणता येतं; हे सगळं तुम्हीच शिकवलंत, आणि आता त्यासाठी तिला तुमची गरज उरली नाही. हा मनाचा दुबळेपणा नाही. मुलं दूर गेल्यावरची ही ‘रिकाम्या घरट्या’ची हुरहुर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत आजार म्हणून नोंदलेलीही नाही.

सर्वांत जास्त दुखवणारा गैरसमज मात्र मूल घरात असतानाच सुरू होतो: ‘दार लावून बसतो, आता आम्ही नकोसे झालो.’ किशोरवय म्हणजे वादळच, ही कल्पना मानसशास्त्रात रुजवली ती मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांच्या 1904 मधल्या ग्रंथानं. पुढच्या संशोधनातून दिसलं, की बहुतेक मुलांचं आईवडिलांशी नातं या वयातही चांगलंच राहतं. संशोधक रीड लार्सन आणि सहकाऱ्यांनी शिकागोजवळच्या मुलांच्या दिनक्रमाच्या नोंदी घेतल्या. त्यांचा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. दहाव्या ते अठराव्या वर्षादरम्यान जागेपणीचा कुटुंबासोबतचा वेळ 35 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर आला होता. आईबाबांना जाणवतं ते हेच, आणि ते खरंच आहे. पण त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट होती: फक्त आईबरोबर किंवा फक्त वडिलांबरोबर घालवलेला वेळ फारसा घटला नव्हता. म्हणजे सगळ्यांनी मिळून टीव्ही पाहणं कमी होतं. स्कूटरवरून क्लासला सोडताना होणारं बोलणं टिकतं. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून काय जपायचं ते नेमकं कळतं.

मुलगा रात्री उशिरापर्यंत जागतो, तेही तुम्हाला टाळण्यासाठीच असेल असं नाही. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा स्रवू लागतं, काही मुलांत दोन तासांपर्यंत.

‘हळवी ती आई, बापाला काय!’ हेही खरं नाही. फिलिपिन्समधल्या पुरुषांच्या अभ्यासात (2011) आढळलं, की बाप झाल्यावर टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि बाळाचं रोज करणाऱ्यांमध्ये ते अधिक खाली असतं. मूल वाढवण्याचा परिणाम बापाच्या शरीरावरही होतो. तो बोलून दाखवत नाही, एवढंच. आईच्या बाबतीत तर 1996 मध्ये संशोधक डायना बियांकी यांच्या गटाला मुलाच्या पेशी बाळंतपणानंतर तब्बल 27 वर्षांनी एका आईच्या रक्तात सापडल्या होत्या.

मुलं गेली की नवराबायकोत बोलायला काही उरत नाही, अशी भीतीही असते. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या दीर्घकालीन अभ्यासात (2008) उलट दिसलं: मुलं घराबाहेर पडल्यावर वैवाहिक समाधान वाढलं. जोडीदारासोबतचा वेळ वाढला म्हणून नव्हे, तर असलेला वेळ अधिक आनंदाचा झाला म्हणून. प्रत्येक घरी असंच होईल असं नाही, पण ओसाडपण अटळ नाही हे नक्की.

‘होईल सवय’ हे बहुतेकांच्या बाबतीत खरं ठरतं. मात्र सतत दोन आठवडे मन उदास राहिलं, झोप-भूक बिघडली, कशातच रस वाटेना किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर ती हुरहुर समजून अंगावर काढू नका. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीतही बोलता येतं.